नाशिकच्या मुक्कामात हॉटेलचा नाश्ता घ्यावा, की बाहेर मिसळ खावी?

पत्नी आणि सत्तरी ओलांडलेले वडील यांच्यासह आपण जानेवारीअखेर नाशिकला दोन रात्री राहणार आहात, आणि नाश्त्यासह असलेला खोलीचा दर थोडा जास्त पडत असल्याने तो घ्यावा की नाशिकला येऊन मिसळच खावी, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की एका सकाळी हॉटेलचा नाश्ता अवश्य घ्यावा आणि दुसऱ्या सकाळी मिसळ खावी. मात्र हॉटेलचा नाश्ता घ्यायचा असेल तर तो सुरू होतो त्या वेळी जाऊन बसावे.

द्राक्षांच्या खरेदीच्या कामासाठी मी गेली चौदा वर्षे दर हंगामात पुण्याहून नाशिकला येतो. जानेवारी ते मार्च या काळात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत अशा भागांतल्या बागांमध्ये फिरणे होते, आणि एकदा बागेत शिरल्यावर दुपारचे जेवण किती वाजता मिळेल याचा नेम नसतो. त्यामुळे सकाळचा नाश्ता हे माझ्या दिवसाचे पहिले आणि बरेचदा एकमेव निवांत खाणे असते, आणि त्याकडे मी फार आस्थेने पाहतो.

हॉटेलच्या नाश्त्याची सगळी गंमत घाण्यावर, म्हणजे एका वेळी केलेल्या पदार्थाच्या ताज्या खेपेवर, अवलंबून असते. बुफेच्या मांडणीतील झाकणाच्या स्टीलच्या भांड्यांखाली गरम पाणी असते, आणि पदार्थ सुरक्षित राहावा म्हणून तो 60 अंशांच्या वर गरम ठेवावा लागतो. यात हॉटेलचा काही दोष नाही, परंतु त्या वाफेत अर्धा तास राहिलेल्या पोह्यांचा दाणा सुटा राहत नाही, उपमा घट्ट होऊन चमच्याला वडीसारखा येतो आणि वडा मऊ पडतो. एका वर्षी एका हॉटेलात मी पावणेदहाला पोहोचलो, तेव्हा पोह्यांचा तळाशी बसलेला गोळा, कडक झालेली इडली आणि निवलेला चहा एवढेच वाट्याला आले. पूर्ण पैसे भरूनही अर्धपोटी बागेत जावे लागल्याचे मला खरोखर वाईट वाटले होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका हॉटेलात सव्वासातला नाश्त्याला गेलो, तर आचारी जाड्या पोह्यांचा पहिला घाणा नुकताच भांड्यात ओतत होता. दाणा न् दाणा मोकळा होता, शेंगदाणे अजून कुरकुरीत होते आणि वर पेरलेल्या ओल्या खोबऱ्यातला पांढरेपणा हळदीने अजून घेतला नव्हता. तेव्हापासून मी नाश्त्याची वेळ खोली घेतानाच विचारून ठेवतो.

चांगल्या हॉटेलची आणखी एक खूण थंडीतच कळते. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडकडे, जानेवारीत पहाटेचा पारा पुष्कळदा 10 अंशांच्या खाली उतरतो, आणि इडलीचे पीठ आंबायला तर ऊब लागते. स्वयंपाकघरात कोणी रात्री पीठ उबेला ठेवण्याची काळजी घेतली असेल तरच सकाळी इडलीला जाळी पडते. इडली हाताने मोडून पाहा. आत बारीक जाळी दिसली तर बाकीचे पदार्थही निर्धास्त घ्यावेत, असा माझा अनुभव आहे. फळांत द्राक्षे मांडलेली असतील तर घडाचा देठ पाहावा. तो हिरवा असेल आणि मण्यांवर पांढुरकी, पावडरीसारखी नैसर्गिक झाक असेल तर घड ताजा आहे. ही झाक पाहून माल खराब आहे असे समजून लोक तो बाजूला सारतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण बागेत तीच झाक जपण्यासाठी मजूर घड देठाला धरून उचलतात आणि मण्यांना बोट लागू देत नाहीत.

मांडणीतील वीस पदार्थ एकाच ताटात गोळा करू नयेत. जिथे तवा समोर तापलेला आहे तिथे आधी उभे राहावे. मी ज्या हॉटेलात आता नियमाने उतरतो तिथे एक मावशी थालीपीठ लावतात. ओल्या फडक्यावर भाजणीचा गोळा थापतात, बोटाने पाच भोके पाडतात, फडके उलटवून थालीपीठ तव्यावर सोडतात आणि प्रत्येक भोकात तेलाचा एकेक थेंब टाकून वर झाकण ठेवतात. मागे एकदा मी घाईत ताट पुढे केले, तेव्हा त्या म्हणाल्या, “थांबा साहेब, दुसरी बाजू खरपूस होऊ द्या.” ती दोन मिनिटे थांबण्याचे सुख मला मोठ्या पंगतीतही मिळालेले नाही.

आता आपल्या दोन सकाळींविषयी. त्र्यंबकेश्वराचे मंदिर पहाटे साडेपाचला उघडते आणि नाशिकपासून ते सुमारे 28 किलोमीटरवर आहे. वडिलांना गर्दीचा त्रास होऊ नये म्हणून आपण पहाटेच निघालात तर त्या दिवशी हॉटेलचा नाश्ता हुकणार हे उघड आहे. ती सकाळ मिसळीची धरावी आणि परतताना नाशिकमध्ये थांबावे. मोड आलेल्या मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पाव, पापड आणि दही असा थाट असतो. रस्सा झणझणीत असल्याने वडिलांसाठी तर्री वेगळी मागून घ्यावी आणि दही आधीच घालावे. बऱ्याच हॉटेलांत नाश्ता एकाच दिवसापुरता पैसे भरून घेता येतो, तेव्हा आरक्षण करतानाच तसे विचारावे. दोन्ही दिवसांचे पैसे भरण्याची गरज पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र कुठेही जाण्याची घाई ठेवू नका. वडिलांना उन्हाच्या बाजूची खुर्ची द्या आणि त्यांचे ताट आपण वाढून आणा, कारण मांडणीसमोर ताट धरून उभे राहणे वयस्कर माणसांना जड जाते. थालीपीठ मिळत असेल तर लोणी वेगळ्या वाटीत मागा. तव्यावरून आलेल्या थालीपिठाच्या मधोमध ते स्वतः ठेवावे, आणि वितळून कडेपर्यंत पोहोचण्याआधी पहिला घास मोडावा.