मशीन हातात येईपर्यंत

प्रश्न : काका, मी आयटीआयमधून टर्नर झालो. चार महिन्यांपासून भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस आहे. अजून लेथला, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनला, हात लावू देत नाहीत. जॉबची (कापलेल्या तुकड्याची) बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार किनार, काढायची, चिप्स (धातूचा कीस) उचलायच्या, बस. उस्तादांना विचारलं तर 'बघत राहा' म्हणतात. सोडून देऊ का?
– एक वाचक

उत्तर : एवढ्यात सोडू नकोस.

१९८७ साली मीही बर काढत होतो. लेथवर उभं केलं तेव्हा ५० मिमीचा शाफ्ट घाईघाईत टर्न केला, कूलंटही (जॉब गार ठेवणारं पाणी) नीट सोडलं नाही. मायक्रोमीटरवर माप बरोबर आलं. खुशीत घरी गेलो. सकाळी उस्तादांनी तोच शाफ्ट हातावर ठेवला : माप ०.०२ मिमीने कमी. पोलाद तापलं की फुगतं. एवढा जॉब ३० अंशांनी तापला, तर जवळपास तितकाच वाढतो. रात्रीत गार होऊन तो आकसला होता. प्रसरणाचा धडा मला पाठ होता, पण तो माझ्या हातातल्या जॉबलाही लागू आहे हे त्या सकाळी कळलं.

तुझ्या हातून रोज किती जॉब जातात! बर कधी वाढते ते बघ. बहुधा टूल बोथट झालेलं असतं. फेसिंगनंतर, म्हणजे जॉबचं तोंड सपाट केल्यावर, मधोमध बारीक टोक उरलं, तर टूल सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीला, नाही. (चिप्स हुकनेच उचल. आणि हातमोजे घालून फिरत्या चकजवळ (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) कधीही जाऊ नकोस, कोणी कितीही घाई करो.)

उस्तादांना 'शिकवा' म्हणू नकोस. तीस वर्षं हातात मुरलेलं काम असं तोंडाने सांगता येत नाही रे. त्यांना नेमकं विचार : 'डायल थोडा पुढे गेला, तेव्हा तुम्ही हँडल बरंच मागे घेऊन परत पुढे का आणलंत?' स्क्रू आणि नटमधली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, ते हँडल तुझ्या हातात देऊनच दाखवतील. मला तसंच दाखवलं होतं.

पण तुझी तक्रार खोटी नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तू कामगार नाहीस, प्रशिक्षणार्थी आहेस. काम शिकवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आणखी दोन महिने मशीन मिळालं नाही, तर आधी मालकांना आणि मग अप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना लेखी कळव. तेव्हा दाखवायला वही लागेल. रोज काय काम दिलं, काय पाहिलं, काय विचारलं, तारीख घालून आजपासूनच लिहायला लाग.