तारेवर बसली तर ती पाकोळी नाही

दारव्ह्याहून एकांनी विचारलंय, पोराच्या मोबाईलवर पॅसिफिकमधल्या अतिऊ बेटावरच्या एका छोट्या पक्ष्याचा व्हिडिओ होता, गुहेत राहणारा, अन् खाली मराठीत 'भिंगरी' लिहिलं होतं, हे बरोबर का? आणि पाकोळी म्हणजे फुलपाखरूच ना?

भिंगरी नाही, ती पाकोळी. हे भिंगरी-भिंगरी ऐकून कान किटले राजेहो. भिंगरी विजेच्या तारेवर रांगेनं बसते, पाकोळीला तारेवर बसताच येत नाही, पाय एवढुसे, भिंतीला नाहीतर खडकाला लटकायचं फक्त. आमच्या सपरीत मागं एक पिल्लू पडलं होतं, उचललं तर त्यानं बनियनमध्ये नखं अशी रुतवली की सोडवताना धागे निघाले. पाकोळीला 'अबाबील' म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं, कुराणात त्या शब्दाचा अर्थ थव्याथव्यांनी आलेले असा आहे, पक्ष्याचं नाव ते मागाहून झालं.

खरी मजा पुढं आहे. अतिऊ हे कुक बेटांपैकी एक, तिथले लोक या पक्ष्याला 'कोपेका' म्हणतात. जगात हा फक्त त्याच बेटावर, अन् घरटी तिथल्या प्रवाळखडकातल्या मोजक्या गुहांत. दिवसभर उडता उडता किडे खायचे, आणि गुहेच्या अंधारात शिरलं की टकटक टकटक आवाज काढत त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढायची, अगदी वटवाघळासारखी, फरक इतकाच की वटवाघळाची शीळ आपल्या कानाला लागत नाही, हिची टकटक लागते. आता 'कोपेका'तला 'पेका' बघा. टोंगात पेका म्हणजे मोठं वटवाघूळ अन् पेकापेका म्हणजे ही पाकोळी. सामोआत पेआ आणि पेआपेआ, तोच हिशोब. आणि न्यूझीलंडचे माओरी पेकापेका म्हणतात ते चक्क वटवाघळाला! शब्द डबल केला की प्राणी लहान, आणि पक्षी की वटवाघूळ याची कोणाला पडलेलीच नाही.

हे वाचलं अन् मला आजी आठवली. गावच्या जुन्या देवळात दिवसा पाकोळ्या, सांजेला छोटी वटवाघळं. आजी म्हणायची, "दिवसा उडते तेबी पाकोळी, सांजेले उडते तेबी पाकोळी." आम्ही पोरं हसायचो. ती बरोबर होती!

आमच्या तालुक्यातले एक रिटायर्ड मास्तर म्हणतात पाकोळी हा पाकळीचा अपभ्रंश, पंख पाकळीसारखे म्हणून. अहो मास्तर, त्या मायलेकी नाहीत, बहिणी आहेत. दोघींची माय 'पाख', म्हणजे संस्कृत पक्ष, तोच जो पाखरात आहे अन् दुपाखी छपरात आहे. 'ख'चा 'क' कसा झाला विचाराल तर हिंदीतली भूख आपल्याकडं भूक होते, भीख भीक होते, मग पाखचा पाक झाला तर काय बिघडलं? पुढचं 'ओळी' हे लहानपणाचं शेपूट, असं आपलं माझं मत. म्हणजे पाकोळी म्हणजे लहान पंखवाली, बस्स. पक्षीही, वटवाघूळही आणि हो, फुलपाखरूही चालतं, विचारणाऱ्यांचं ते अर्धं बरोबर आहे.

पण म्हणून 'पेका' आपल्या पाकोळीवरून गेला असं कृपा करून फॉरवर्ड करू नका, मास्तरांनी ते सुरू केलंच आहे. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

आणि एवढ्या लांब तरी काहून जायचं, वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत तिथल्या गुहेत भारतीय पाकोळी घरटी करते, हीच जात-बिरादरी, अंधारात तीही टकटक करते.

व्हिडिओवाल्याला 'अतिऊची पाकोळी' लिही म्हणावं. मास्तरांचा फोन आला तर मी वावरात गेलोय.