वाचक विचारतात : आलापल्लीचा पळस कोणत्या जिल्ह्यात टाकायचा?

प्रश्न : मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या विभागाच्या कपाटांत १९५०च्या दशकापासूनचे वाळवलेल्या झाडापाल्याचे नमुने आहेत. मुलांनी त्यांवरच्या चिठ्ठ्या एक्सेलमध्ये उतरवायला घेतल्यात. संगणक विभागातले सहकारी म्हणतात, 'मॅडम, विदर्भाच्या वनस्पतींची स्वतंत्र ऑन्टॉलॉजीच (संकल्पना आणि त्यांची आपसातली नाती संगणकाला कळतील अशी मांडणी) बनवू, प्रकल्पही मिळेल.' बनवावी का? जुनी नावं आणि जुने जिल्हे यांचं काय करायचं? एका चिठ्ठीचा फोटो सोबत जोडला आहे.
(एक प्राध्यापिका, धरमपेठ)

उत्तर : मॅडम, नका बनवू. प्रकल्प मिळेलही, पण तीन वर्षांनी प्रकल्प संपेल, मुलं पास होऊन पुण्याला जातील, आणि ती ऑन्टॉलॉजी कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर पडून राहील. कपाटातले नमुने मात्र तसेच.

तुम्हाला हवा तो शब्दसंग्रह तयार आहे. त्याचं नाव डार्विन कोअर. टीडीडब्ल्यूजी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था तो सांभाळते आणि २००९ साली त्याला मानक म्हणून मान्यता मिळाली. काटेकोर बोलायचं तर ही ऑन्टॉलॉजी नव्हे. कोणता वर्ग कोणाच्या पोटात, कोणाचं कोणाशी जमत नाही, असलं तर्कशास्त्र त्यात जवळजवळ नाही. रकान्यांची नावं आणि त्यांचे अर्थ एवढंच ठरवून दिलंय, आणि प्रत्येक नावाला स्वतःचा कायमचा वेबपत्ता आहे. जगभरच्या नोंदी एकत्र करणाऱ्या जीबीआयएफचं मुख्यालय कोपनहेगनला आहे. तुमची फाईल या रकान्यांत असली, की तिथल्या संगणकाला तुम्हाला फोन करून काही विचारावं लागत नाही.

आता तुमची चिठ्ठी. 'ब्यूटिआ फ्रॉन्डोसा. आलापल्ली, चांदा जि., म.प्र. ६/३/५८.' एवढ्याशा कागदावर चार भानगडी आहेत, आणि मला त्या फार आवडल्या.

झाड पळसाचं. आज त्याचं मान्य नाव ब्यूटिआ मोनोस्पर्मा. चिठ्ठीवरचं नाव खोडू नका. ते 'व्हर्बॅटिम आयडेंटिफिकेशन' या रकान्यात जसंच्या तसं जाईल, आजचं नाव 'सायंटिफिक नेम'मध्ये, आणि ते कोणी, कधी ठरवलं हेही शेजारी. चिठ्ठीनं काय म्हटलं आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, हे दोन रकाने कधीच एक करायचे नाहीत. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे सांभाळा. उद्या नाव पुन्हा बदललं तर फक्त दुसरा रकाना बदलायचा. बाभळीच्या चिठ्ठ्या काढा, म्हणजे पटेल. अकेशिया अरेबिका, मग अकेशिया निलोटिका, आणि आता व्हॅचेलिया निलोटिका.

जिल्ह्याची गंमत याहून मोठी. आलापल्ली आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, आणि तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला झाला. तुमचे सहकारी हमखास 'चांदा म्हणजे चंद्रपूर' असा एक नियम लिहून सगळ्या फाईलवर फिरवतील. लिंक्ड डेटात, म्हणजे वेबवरच्या नोंदी एकमेकींना जोडण्याच्या पद्धतीत, 'सेम ॲज' नावाचा एक दुवा असतो, तो तर ते हौसेनं लावतील. त्याचा अर्थ फार कडक आहे : एकाबद्दल जे खरं, ते सगळंच्या सगळं दुसऱ्याबद्दलही खरं. जुन्या चांद्यात गडचिरोली होती, आजच्या चंद्रपुरात नाही. दुवा लावला, की आलापल्लीचा पळस रातोरात चंद्रपूर जिल्ह्यात उगवतो. म्हणून 'व्हर्बॅटिम लोकॅलिटी'त चिठ्ठीची ओळ, आणि आजचा जिल्हा 'काउंटी'त. हो, जिल्ह्याच्या रकान्याचं नाव काउंटीच आहे. हसून घ्या आणि भरा.

'म.प्र.' हे तर चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी चुकीचं होतं. १ नोव्हेंबर १९५६पासून नागपूर-चांदा मुंबई राज्यात होते. विभागात जुन्या छापील चिठ्ठ्या उरल्या असतील, त्या संपवल्या असतील. तीही नोंदच आहे, राहू द्या.

तारीख ६ मार्च की ३ जून? एक्सेलला विचारू नका, ते बिनधास्त काहीतरी ठरवून मोकळं होतं. फोटोत फांदीवर फुलं आहेत आणि पानं नाहीत. आपल्याकडे पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा १९५८-०३-०६ असं लिहा आणि कशावरून ठरवलं ते शेऱ्यात.

क्रमांकाबद्दलही टोकतो. मुलांनी कुळ, जिल्हा आणि साल जोडून क्रमांक दिलेत, ते बंद करा. कुळं बदलतात, जिल्हे फुटतात, आणि मग क्रमांकच खोटं बोलू लागतो. साधा, निरर्थक आकडा द्या आणि तो कधी बदलू नका. दुर्मीळ औषधी वनस्पतींचं नेमकं ठिकाण मात्र जाहीर करू नका. काय राखून ठेवलं हे सांगायलाही डार्विन कोअरमध्ये रकाना आहे.

सहकाऱ्यांना काम हवंच असेल तर स्थानिक नावं द्या. तिथं खरोखर तुमच्याशिवाय कोणी नाही. त्यासाठी स्कॉस वापरा, संकल्पना आणि त्यांची नावं मांडायचं, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं २००९चं मानक. एका संकल्पनेला दर भाषेत एकच मुख्य नाव आणि हवी तेवढी पर्यायी : तेंदू मुख्य, टेंभुर्णी पर्यायी, दोन्हींवर मराठीची खूण 'एमआर'. गोंडी नावांना 'जीओएन'. नाव कोणत्या गावात ऐकलं तेही लिहून ठेवा.

प्रश्न : मी एम.सी.ए. करतोय. ऑन्टॉलॉजी शिकायला प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात सगळे पिझ्झाचाच सराव करतात. पण माझा व्हेज पिझ्झा संगणक व्हेज मानतच नाही!
(एक विद्यार्थी, महाल)

उत्तर : तुम्ही महालातले, पिझ्झा सोडा आणि पाटोडी रस्सा घ्या. त्यात बेसन आहे, सावजी मसाला आहे, तेल आहे, असं लिहिलंत. 'याशिवाय काही नाही' असं कुठं लिहिलंत? ओडब्ल्यूएल, म्हणजे प्रोटेजेत ऑन्टॉलॉजी जिच्यात लिहितात ती भाषा, न सांगितलेली गोष्ट खोटी धरत नाही, माहीत नाही एवढंच म्हणतं. त्याच्या हिशेबानं रश्श्यात खाली मटणाचा तुकडाही असू शकतो. 'ओन्ली'चं बंधन घालून घटकांची यादी बंद करा, आणि मटण हे बेसन, मसाला, तेल यांपैकी काहीच नव्हे हेही वेगळं सांगा. मग रीझनर, म्हणजे लिहिलेल्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, पुन्हा चालवा.