रक्त पातळ करायची गोळी चालू असताना दुसरी गोळी घ्यायची वेळ येते तेव्हा

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी आई ६४ वर्षांची आहे, सात वर्षांपूर्वी हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय, मेटलचा आहे, तेव्हापासून वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) अडीच ते तीनच्या आसपास असायचा. मागच्या महिन्यात दाढ सुजली म्हणून मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक आणि दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक मिळालं, पाच दिवस. सहाव्या दिवशी ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त आणि दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग, कुठे आपटल्याचं तिला आठवतही नाही. आयएनआर ५.८ आला. हार्टच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली, आता २.९ आहे. पण आई खूप घाबरलीये, त्यात कोणीतरी सांगितलं की हे उंदीर मारायचं औषध आहे. त्या आठवड्यात तिनी पालेभाजी जास्त खाल्ली होती, त्यामुळे झालं का? गोळी बंद केली तर चालेल का?

उत्तर : ताई, बंद करायचं आधी मनातून काढून टाका. मेटलच्या व्हॉल्व्हवर रक्त गोठायला बघतं, आणि तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्यांवर बदलून घेऊ असंही कोणी सुचवेल, पण मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत, त्यातल्याच डॅबिगॅट्रानची तशी ट्रायल सुरू केली होती ती मधेच थांबवावी लागली. उंदरांचं म्हणाल तर खरं आहे, १९४८ मध्ये ते त्यासाठीच बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरायला लागले. औषध तेच, फरक डोसचा आहे आणि तो डोस आपण आयएनआर बघून धरतो. आईंना हे सरळ सांगा, लपवलं की भीती वाढते.

आता झालं काय ते. लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, वॉरफेरिन तिथे आडवं येतं. म्हणून पालेभाजीनं आयएनआर वाढत नाही, उलट कमी होतो, कारण तिच्यात व्हिटॅमिन के असतं. पालेभाजी बंद नका करू, फक्त एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं नको, साधारण सारखं प्रमाण ठेवा. दोष मेट्रोनिडाझोलचा. लिव्हरमध्ये वॉरफेरिनचा निचरा होतो तो ही गोळी अडवते, त्यामुळे आई रोजचाच डोस घेत होत्या पण अंगात साठत गेलं जास्त. कोट्रायमोक्साझोल (अँटिबायोटिक), फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं), अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं) यांनीही असंच होतं, आणि टीबीच्या रिफॅम्पिसिननं उलटं, आयएनआर खाली येतो.

मला मात्र जास्त काळजी डायक्लोफिनॅकची वाटते. ते पोटाचं अस्तर सोलतं आणि प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशींचं, काम मंदावतं, आणि हे आयएनआरमध्ये दिसत नाही. रिपोर्ट २.५ आणि पोटात रक्तस्राव, असं होऊ शकतं. आयब्युप्रोफेनचंही तेच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरं, तरी तेही जास्त डोसमध्ये रोज बरेच दिवस घेतलं तर आयएनआर चढतो, तेव्हा आठवडाभर लागणार असेल तर विचारून घ्या.

हे टाळता आलं असतं, याचंच वाईट वाटतं. दाढेचं दुखणं घेऊन माणूस जातो तेव्हा हार्टची गोळी सांगायचं राहून जातं, आणि समोरचाही दरवेळी विचारतोच असं नाही. एक छोटी वही करा, त्यात तारीख, आयएनआर, डोस मिलिग्रॅममध्ये. "एक गोळी" असं लिहू नका, गोळी १, २, ५ मिलिग्रॅमची असते आणि कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो. कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर तोंड उघडायच्या आधी ती वही टेबलावर ठेवायची. नवीन अँटिबायोटिक सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर परत करायचा, महिन्याच्या तारखेची वाट बघायची नाही. डोस चुकला तर त्याच दिवशी आठवला तरच घ्या, दुसऱ्या दिवशी डबल नको.

शी डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, नाकातलं रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, अचानक भयंकर डोकं दुखायला लागलं तर लगेच हॉस्पिटल. आणि पडून डोक्याला मार लागला तर त्या ठीक दिसत असल्या तरी न्या, आतला रक्तस्राव काही तासांनीही कळू शकतो.

प्रश्न : मी हृदयाचे ठोके अनियमित म्हणून अपिक्साबान ही रक्त पातळ करायची नवीन गोळी घेतो, दिवसातून दोनदा. आयएनआर लागत नाही म्हणाले, मग तपासण्या नकोतच ना? संध्याकाळची गोळी बऱ्याचदा राहते. आणि रक्तदान चालेल का?

उत्तर : आयएनआर नको, पण किडनी आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी बघाच, कारण या औषधाचा काही भाग किडनीतून जातो आणि किडनी मंदावली की डोसचा परत विचार करावा लागतो. गोळी राहते हे जास्त गंभीर आहे. वॉरफेरिनचा असर काही दिवस टिकतो, हिचा बारा तासांत निम्मा होतो, म्हणजे संध्याकाळची राहिली की सकाळपर्यंत गुठळीपासूनचं संरक्षण जवळजवळ संपतं. आठवली की त्याच दिवशी घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला, दोन एकदम नाही. मोबाईलवर अलार्म लावा, तेवढ्यानं बऱ्याच जणांचं जमतं. रक्तदान मात्र ही गोळी चालू असताना नको आणि त्यासाठी गोळी थांबवायचीही नाही.