नव्या डॉक सुपरवायझरला: बूम कन्व्हेयर लावण्याआधी
भिवंडीच्या गोदामात रुजू होतोयस, तर बूम कन्व्हेयरच्या, म्हणजे गाडीच्या आत लांबत जाणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या, वेगाकडे नंतर बघ. आधी गाडी बघ. 32 फुटी कंटेनर म्हणजे जवळपास 9.75 मीटर लांबी. बूम तेवढा आत पोचला नाही, तर टोकाचे खोके माणसांनाच वाहावे लागतात. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय आणि ड्रायव्हरकडून किल्ली घेतल्याशिवाय बूम पुढे सरकवू देऊ नकोस, घाई कितीही असो. माल उतरत गेला की स्प्रिंगचे पाटे मोकळे होऊन गाडीचा तळ वर येतो. बूमची उंची मधूनमधून जुळवत राहा, हे बरेच जण विसरतात. बूमवरच्या सेन्सरची काच रोज पुसायची. बूमचं टोक किती उंचीवर हवं, ते माथाडींना विचार, थर तेच रचतात. आणि बूम तातडीने थांबवायच्या लाल बटणापर्यंत त्यांचा हात पोचतो का, हे स्वतः आत उभं राहून तपास.