मुलीला वर्णभेदाचे खटले लढवायचे आहेत

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला वकील होऊन नोकरीतल्या वर्णभेदाविरुद्ध लढायचंय. ‘कर्ज काढून शिकवू, पण नोकरी गेलेला माणूस हिला फी कुठून देणार?’ ही तुमची काळजी अगदी रास्त आहे.

याची सोय कायद्यातच आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली कामगार जिंकला, तर त्याच्या वकिलाची वाजवी फी मालकाने भरावी असा आदेश कोर्ट देऊ शकतं. हरला तर मात्र कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात जाते. त्यामुळे कुठली केस घ्यायची, ही पारख या कामात फार महत्त्वाची.

तिला ज्युलियस चेंबर्स यांच्याबद्दल जरूर वाचायला सांगा. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कृष्णवर्णीय मेकॅनिकचा हा मुलगा. एका गोऱ्या गिऱ्हाइकाने ट्रकदुरुस्तीचे पैसे बुडवले आणि वडिलांची केस घ्यायला एकही वकील तयार होईना. मुलाने तेव्हाच वकील व्हायचं ठरवलं. १९६५ मध्ये त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तरी त्यांनी काम सोडलं नाही.

ड्यूक पॉवर या वीज कंपनीवर ग्रिग्ज आणि इतर कामगारांनी केलेल्या खटल्यात तेही वकील होते. तिथल्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वाधिक पगारसुद्धा इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षा कमी होता. २ जुलै १९६५ ला नागरी हक्क कायद्यातला नोकरीबद्दलचा भाग लागू झाला आणि त्याच दिवशी कंपनीने इतर विभागांसाठी लेखी चाचण्या आणल्या. हायस्कूल पास असण्याची अट आधीपासून होतीच. पण ती अट येण्याआधी लागलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते! मग त्या अटीचा कामाशी संबंध काय? १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला, की हेतू वाईट नसला तरी कामाशी संबंध नसलेली आणि एका समाजाला बाहेर ठेवणारी अट चालणार नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. बघा, इथे कामाला आले ते पगाराचे तक्ते आणि भरतीच्या नोंदी. तुमच्या मुलीला कागद चिवटपणे वाचायची सवय हवी, संख्याशास्त्राचा एखादा कोर्स तर हवाच.

शिक्षणाचं म्हणाल, तर पदवीनंतर तीन वर्षं लॉ स्कूल आणि मग वकिलीच्या परवान्यासाठीची बारची परीक्षा. सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत दहा वर्षं नोकरी करून नियमित हप्ते भरले, तर सरकारी शैक्षणिक कर्जाची उरलेली रक्कम माफ होण्याची योजना आहे. खासगी फर्मला ती लागू नाही, हे लक्षात ठेवा.

घाई मात्र करू नका. या उन्हाळ्यात तिला एखाद्या कायदा मदत केंद्रात तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर बसू द्या. न्यू जर्सीत नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे (ईईओसी) तक्रारीला ३०० दिवसांची मुदत असते, आणि अपमान गिळून गप्प बसलेली माणसं ती टळल्यावर येतात. त्यांना ‘उशीर झाला’ असं तिला सांगावं लागेल. दोन महिने हे करूनही तिचा विचार पक्का राहिला, तर एलसॅटचा, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरा.