बाबांच्या रिपोर्टमध्ये 'हर-टू ३+' आलंय, म्हणजे जठराचा कॅन्सर मलाही होणार का?

या शेऱ्यावरून तसं मुळीच ठरत नाही. मी इंदूरला, राजवाड्याजवळच्या लॅबमध्ये अशाच स्लाइड रंगवते. हर-टूचं जनुक तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत असतं. निरोगी जठरात त्याचं काम बेतानं चालतं. काही गाठींत मात्र त्याच्या प्रती वाढतात आणि त्यापासून बनणारं हर-टू प्रथिन भरमसाट तयार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीतल्या पेशींना गडद तपकिरी काठ दिसतो, शेजारचं निरोगी अस्तर निळसरच राहतं. हा बदल गाठीत घडलेला, वारशानं आलेला नव्हे. घरात आणखी कुणाला कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. आणि ३+ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे हो, तो काठ किती गडद रंगला त्याचा शेरा! ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमकं याच प्रथिनाला धरतं. बाबांना चालेल का, ते उद्याच विचारा.